शाळा समितीतली तिसरी जागा

२००५ सालच्या ऑक्टोबरमध्ये माझी पत्नी झूटरमेरमधल्या एका प्राथमिक शाळेच्या समितीवर शिक्षकांची प्रतिनिधी म्हणून निवडून आली. पुढच्या वर्षी, उन्हाळ्याच्या सुटीआधी, तिने राजीनामा दिला. मुदत तीन वर्षांची होती.

नेदरलँड्समध्ये प्रत्येक शाळेत अशी समिती कायद्यानेच असते. या शाळेच्या समितीत सहा जण होते, तीन पालक आणि तीन शिक्षक. शाळा चालवणारी संस्था वेगळी; तिच्याकडे गावातल्या आणखीही शाळा होत्या. शाळेत मोठा बदल करायचा असला की संस्थेला आधी समितीकडे यावे लागते. काही बाबतींत समितीची संमती लागते, काहींत नुसता सल्ला. संमती मिळाली नाही तर काम अडते. सल्ला विरोधी आला तर संस्था कारणे देऊन पुढे जाऊ शकते.

पत्नी पुण्यात एका माध्यमिक शाळेत गणित शिकवत असे. मी वर्तमानपत्रात होतो, आधी बातमीदार, नंतर उपसंपादक. ते सोडून मी एका सॉफ्टवेअर कंपनीत माहितीपुस्तिका लिहायला लागलो आणि कंपनीने मला इकडे पाठवले. पत्नी मुलीला घेऊन माझ्यामागून आली. सुरुवातीला तिला काम करायची परवानगी नव्हती, तेव्हा ती नगरपालिकेच्या वर्गात डच शिकली आणि भाषेची सरकारी परीक्षा पास झाली. इथे त्या काळी शिक्षक कमी पडत होते. दुसऱ्या व्यवसायातून किंवा दुसऱ्या देशातून आलेल्यांना वर्गावर उभे राहूनच प्रशिक्षण पुरे करता येत असे. तिने ते पुरे केले आणि तिला नव्याने देशात आलेल्या मुलांचा वर्ग मिळाला.

त्या वर्गात सहा ते अकरा वर्षांची मुले एकत्र बसत. कुणी इराकमधून आलेले, कुणी तुर्कस्तानातून. पोलंडची मुले नुकतीच येऊ लागली होती. त्यांचे वडील बहुतेक जवळच्या ग्रीनहाउसमध्ये टोमॅटो खुडायला जात. मुलांनी वर्षभर डच शिकायचे आणि मग नेहमीच्या वर्गात जायचे, अशी व्यवस्था होती. वर्ग शाळेच्याच इमारतीत, मधल्या कॉरिडॉरमध्ये होता. दुपारी ही मुले चित्रकलेला आणि खेळाच्या तासाला शेजारच्या वर्गांत मिसळत.

समितीतली शिक्षकांची एक जागा रिकामी झाली होती, कारण तिथले शिक्षक दुसऱ्या गावी बदलून गेले होते. मुख्याध्यापकांनी मधल्या सुटीत विचारले तेव्हा, पत्नीच्या सांगण्यानुसार, शिक्षक खोलीतल्या एकानेही कपातून मान वर काढली नाही. शेवटी खेळाच्या शिक्षकाने हात वर केला. त्यानंतर तिने केला.

दोन उमेदवार झाल्यामुळे मतदान घेणे भाग पडले. याबद्दल खोलीत नाराजी होती.

"आता चिठ्ठ्या कापायच्या, पेटी शोधायची," एक शिक्षिका म्हणाली. "तुम्ही दोघं कॉफी संपायच्या आत ठरवून टाका ना."

"मी माघार घेतो," खेळाचा शिक्षक म्हणाला. "फक्त माझ्या बायकोला कुणी सांगू नका. ती म्हणेल, जी जागा कुणालाच नको होती तीही तुला मिळवता आली नाही."

"माघार नको," पत्नी म्हणाली. "मतदान होऊ द्या."

घरी मी तिला विचारले, "तो बाजूला होत होता तर होऊ द्यायचं. अडलं कुठे?"

"अरे, बिनविरोध आले तर उद्या समितीत बोलताना माझ्यामागे कोण आहे? ज्यांनी मान वर केली नाही ते?"

उभे राहण्याचे कारण तिने शाळेच्या साप्ताहिक पत्रकात अर्ध्या पानात दिले. समितीत पालकांच्या तीन जागा आहेत, पण माझ्या वर्गातल्या मुलांचे पालक त्या जागांसाठी उभे राहू शकत नाहीत, कारण त्यांना अजून भाषा येत नाही. तेव्हा त्यांच्या वर्गाविषयी समितीत काही ठरायचे असेल तर तिथे त्यांच्या बाजूने बोलणारे कुणीतरी हवे. मजकूर एवढाच होता. मी त्यातली दोन विशेषणे काढली.

प्रचार मात्र तिने पुण्याच्या पद्धतीने केला. तिथे शिक्षकांच्या पतपेढीच्या निवडणुकीत उमेदवार शाळाशाळांतून फिरतात आणि प्रत्येकाला स्वतः भेटून मत मागतात. न भेटता मत मागणे उद्धटपणाचे समजले जाते. शाळा सुटल्यावर ती एकेका वर्गात गेली. पहिल्या गटाची शिक्षिका (इयत्तांना इथे गट म्हणतात) निवृत्तीला आली होती. ती चार वर्षांच्या मुलांचे रंगाचे ब्रश धूत होती.

"तू माझ्याकडे मत मागायला आलीस?"

"हो."

"माझी इतकी वर्षं इथे गेली. माझ्याकडे कधी कुणी काही मागायला आलं नाही, कात्री सोडून." तिने ब्रश निथळत ठेवले. "देते. पण निवडून आलीस की तिथे तोंड उघड. आधीचा माणूस तीन वर्षं नुसती बिस्किटं खात होता."

पत्नी थोड्या मतांनी निवडून आली. खेळाच्या शिक्षकाने तिचा हात हातात घेऊन सांगितले की त्याच्या मंगळवारच्या संध्याकाळी वाचल्या, याबद्दल तो आजन्म ऋणी राहील. आमची मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती आणि त्याच शाळेत शिकत होती. मराठी तिला सगळे समजे, पण उत्तर ती डचमध्ये देई. "मग आता तू शाळेची बॉस झालीस का?" तिने विचारले. आई नाही म्हणाली. "मग काय उपयोग?" असे म्हणून ती खेळायला गेली.

समितीची सभा मंगळवारी संध्याकाळी शिक्षक खोलीत भरे. कागद आधी घरी येत. पत्नी शनिवारी जेवणाच्या टेबलावर ते पसरून बसे आणि मी शब्दकोश घेऊन समोर. मला डच बोलता येत नसे, पण ऐकून समजे आणि वाचता बऱ्यापैकी येई; ती सफाईने बोले, पण सरकारी वळणाच्या कागदांत अडे. दोघांत मिळून एक धड वाचक तयार होई. दुपारच्या जेवणाच्या सुटीत मुलांवर लक्ष कोण ठेवणार, सायकलींचे स्टँड कुठे हलवायचे, उवांची तपासणी पालकांनी करायची की परिचारिकेने, असे विषय असत. प्रत्येकावर टिपण असे, टिपणाला जोडपत्रे असत आणि जोडपत्रांत आधीच्या टिपणांचे संदर्भ. ती आठवडाभर वर्गावर उभी राहून आलेली असे, मी आठवडाभर कुणीही न वाचण्याच्या पुस्तिका लिहून आलेला असे. शनिवार संपे तेव्हा दोघांनाही बोलावेसे वाटत नसे. मंगळवारी ती सायकलवरून परत आली की अंगातला कोट न काढता खुर्चीत बसून राही.

समितीच्या अध्यक्ष एक पालक होत्या. नगरपालिकेत नोकरी करणाऱ्या, वेळेच्या पक्क्या, आवाज न चढवणाऱ्या. त्यांची कामाची पद्धत ठरलेली होती आणि चौकशी केल्यावर कळले की ती इथे सगळीकडे साधारण अशीच असते. महत्त्वाचा विषय दोन सभांत घ्यायचा. पहिल्या सभेत टेबलाभोवती एक फेरी करायची. प्रत्येकाने आपल्या पाळीला मत सांगायचे, दुसऱ्याने मध्ये बोलायचे नाही, सचिवाने लिहून घ्यायचे. त्या मतांवरून सल्ल्याचा मसुदा होई. दुसऱ्या सभेत फक्त मसुद्याच्या शब्दांवर चर्चा आणि मतदान.

मुख्याध्यापक सभेला हजर असत, पण ते समितीचे सदस्य नव्हते. संस्थेच्या वतीने विषय मांडणे एवढेच त्यांचे काम. शाळेत त्यांना सगळे पहिल्या नावाने हाक मारत, पहिल्या गटातली मुलेसुद्धा. पत्नी त्यांना ‘मेनेअर’ म्हणे, म्हणजे आपल्याकडचे ‘सर’, आणि ‘तुम्ही’ म्हणे. हे सोड म्हणून त्यांनी तिला दोनदा सांगून पाहिले होते.

"अगं, तू मला मेनेअर म्हणतेस तेव्हा मला वाटतं माझे वडील खोलीत आलेत."

"बरं, मेनेअर," ती म्हणाली होती.

जानेवारीत संस्थेचे टिपण आले. येत्या ऑगस्टपासून प्राथमिक शाळांना सरकारी पैसा एकरकमी मिळणार होता आणि संस्था सगळ्याच गोष्टी नव्याने मांडत होती. गावात नव्या मुलांचे दोन वर्ग होते. दोन्ही अर्धे रिकामे. ते एकत्र करून गावाच्या दुसऱ्या टोकाच्या शाळेत न्यावेत, असा प्रस्ताव होता. तिथली इमारत नवी होती, खोल्या शिल्लक होत्या आणि दोन शिक्षिका एकत्र काम करू शकल्या असत्या. टिपण नीट लिहिलेले होते. मी दोनदा वाचले. त्यात खोटे काही नव्हते.

पत्नीने वाचले आणि कागद उलटा करून ठेवला.

"वाईट नाहीये," मी म्हणालो. "नवी इमारत आहे. जोडीला एक शिक्षिका."

"त्या इमारतीत नव्या मुलांसाठी वेगळा भाग आहे. त्याला वेगळं दार आहे. मी बघून आले आहे. माझी मुलं दुपारी शेजारच्या वर्गात जातात, तिथे त्यांना भाषा येते. माझ्याकडे नुसते शब्द येतात. वेगळ्या दारातून आत जाऊन ती कुणाशी भांडणार?"

"आणि यायचं कसं?"

"तेच. निम्म्या आयांना सायकल येत नाही."

अशी एक आई आम्हा दोघांच्याही ओळखीची होती. ती इराकची होती. मुलगी पत्नीच्या वर्गात, धाकटे बाळ बाबागाडीत. रोज सकाळी ती बाबागाडी ढकलत मुलीला चालत आणून सोडी आणि दुपारी पुन्हा तशीच घ्यायला येई. नवी शाळा रेल्वेच्या पलीकडे होती. बस वाटेत बदलावी लागे.

या विषयावर समितीला संमतीचा अधिकार नव्हता, सल्ल्याचा होता. पण मुख्याध्यापक स्वतः तिला एकदा म्हणाले होते की शिक्षकांचा ठाम विरोध असला तर संस्था सहसा थांबते. पत्नीने दोन पाने मजकूर लिहिला. मी तो दीड पानावर आणला.

"हे सभेत वाचणार?" मी विचारले.

"सभेत? पालक बसलेले असताना? सर संस्थेचं टिपण मांडणार आणि त्यांच्याच शाळेतली बाई सगळ्यांसमोर सांगणार की हे चुकतंय? छे. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या खोलीत वेळ मागितली आहे. शांतपणे समजावते."

मला ते बरोबर वाटले. पुण्यात मी शिक्षण संस्थांच्या बातम्या करत असे. सभेत बसून मला कधी बातमी मिळाली नाही. सभेत ठराव वाचले जात, आभार मानले जात आणि चहा होई. जे ठरायचे ते आधी किंवा नंतर मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये ठरे. ज्याला खरोखर काही बदलून हवे असे तो सभेत गप्प बसे, कारण चारचौघांत तोडलेला माणूस पुढे ऐकत नाही.

फेब्रुवारीची सभा मी पाहिली. समितीच्या सभा सर्वांना खुल्या असतात. प्रेक्षकांत मी एकटाच होतो. मला भिंतीजवळची खुर्ची आणि कॉफी मिळाली. मुख्याध्यापकांनी प्रस्ताव थोडक्यात मांडला. मांडताना ते बहुतेक वेळ कागदाकडे पाहत होते. मग फेरी सुरू झाली. एक वडील म्हणाले की दोन अर्ध्या वर्गांपेक्षा एक पूर्ण वर्ग त्यांना पटतो. एका आईने मुलांच्या प्रवासाबद्दल विचारले आणि त्यावर विचार होईल हे उत्तर लिहून घेतले. सातव्या गटाच्या शिक्षकाने रिकाम्या होणाऱ्या खोलीचे काय करणार ते विचारले. तिसऱ्या गटाच्या शिक्षिकेला काही अडचण दिसत नव्हती. अध्यक्षांनी स्वतःचे मत अनुकूल असल्याचे सांगितले. शेवटी पत्नीची पाळी आली.

"माझे आत्ता काही प्रश्न नाहीत," ती म्हणाली. "मेनेअरांनी नीट मांडलं, त्याबद्दल आभार."

अध्यक्ष थांबल्या. "वर्ग तुझा आहे. तुला काहीच म्हणायचं नाही?"

"आत्ता नाही."

मुख्याध्यापकांनी कागदावरून नजर वर केली आणि तिच्याकडे पाहिले. तिने त्यांच्याकडे पाहून किंचित मान लवविली. सचिवाने लिहिले. पुढचा विषय सायकल स्टँडचा होता आणि तो बराच चालला.

परतताना वारा समोरून होता. आम्ही सायकली हातात धरून चालत आलो.

"सरांनी बघितलं माझ्याकडे," ती म्हणाली. "त्यांच्या लक्षात आलंय की मी मान राखला."

"चांगलं केलंस," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशीच्या भेटीची हकीकत मला त्याच दिवशी पत्नीकडून कळली आणि काही महिन्यांनी, शाळेच्या एका कार्यक्रमात, मुख्याध्यापकांकडून. दोन्ही जुळतात.

मुख्याध्यापकांनी दीड पान सगळे वाचले. मग म्हणाले, "हे उत्तम आहे. हे काल टेबलावर का नाही बोललीस?"

"तुमच्यासमोर? पालकांच्या देखत?"

"मग कुणासमोर? टेबल त्यासाठीच असतं."

"मला वाटलं तुम्हाला अवघडल्यासारखं होईल."

त्यांनी कागद टेबलावर ठेवला. "मी तुझीच वाट बघत होतो," ते म्हणाले. "मला स्वतःला हा प्रस्ताव आवडलेला नाही. पण मी संस्थेचा नोकर आहे, मला त्याविरुद्ध बोलता येत नाही. तुला येतं. कायद्याने येतं. तू बोलली असतीस तर मी आज संस्थेला कळवलं असतं की माझ्या शिक्षकांचा विरोध आहे. आता मी सकाळीच कळवून बसलोय की फेरीत कुणाचीही हरकत नव्हती."

"मग आत्ता पुन्हा कळवा. हे पाठवा त्यांना."

"ते विचारतील, सभेत कोण म्हणालं? मी काय सांगू? माझ्या खोलीत येऊन म्हणाली?"

"हो. तसंच सांगा."

"अगं, माझ्या खोलीत तर रोज कुणी ना कुणी काही ना काही म्हणतं," ते म्हणाले.

त्या दिवशी ती नेहमीपेक्षा लवकर घरी आली. मी रॉटरडॅमच्या ऑफिसातून परतलो तेव्हा ती कोट घालूनच बसली होती. सगळे सांगून झाल्यावर ती म्हणाली, "माणूस समोर बसून माझी वाट बघत होता. आणि मी त्याला मान देत बसले होते."

मी चहा केला.

तिने अध्यक्षांना फोन केला आणि विषय पुन्हा फेरीला घ्यावा अशी विनंती केली. फोन स्पीकरवर होता.

"मी तुला दोनदा विचारलं," अध्यक्ष म्हणाल्या. त्या रागावलेल्या नव्हत्या. "तू नाही म्हणालीस."

"मी आदर म्हणून गप्प बसले."

"कुणाच्या आदराखातर?"

"मुख्याध्यापकांच्या."

"मला हे समजून घ्यायला आवडेल, पण खरंच समजत नाही," अध्यक्ष म्हणाल्या. "बाकीच्या पाच जणांनी प्रामाणिकपणे आपलं मत दिलं. त्यावरून मसुदा झालाय. आता पुन्हा फेरी घेतली तर त्या पाच जणांना मी काय सांगू? की पहिली फेरी नुसतीच होती? तुला अल्पमताची नोंद जोडता येईल. तो तुझा हक्क आहे. आणि सभेत तू बोल, मी वेळ देते."

मसुद्यावरची सभा एप्रिलमध्ये झाली. मी पुन्हा भिंतीजवळ बसलो. पत्नीने दीड पान वाचले नाही, ती बोलली. वेगळ्या दाराबद्दल बोलली, दुपारच्या चित्रकलेबद्दल बोलली, सायकल न येणाऱ्या आयांबद्दल बोलली. या वेळी मुख्याध्यापकांकडे न पाहता बोलली. कुणीही मध्ये तोंड घातले नाही. ती थांबल्यावर आधी अनुकूल मत दिलेले वडील म्हणाले, "हे मी फेब्रुवारीत ऐकलं असतं तर मीही वेगळं बोललो असतो."

"मग आता बोला वेगळं," पत्नी म्हणाली.

"आता मसुदा आहे."

"मसुद्याला हात नाहीत. तुम्हाला आहेत. वर करायचा नाही, एवढंच."

सातव्या गटाचा शिक्षक मोठ्याने हसला. वडीलही हसले आणि त्यांनी मसुद्याच्या बाजूने हात वर केला. सातव्या गटाच्या शिक्षकाने केला नाही. चार विरुद्ध दोन. प्रस्तावाला अनुकूल सल्ला देण्यात आला, एका अटीवर: लांब राहणाऱ्या मुलांसाठी पहिले वर्षभर मिनीबसची सोय करावी. दोघांच्या विरोधाची नोंद सोबत जोडली.

संस्थेचे उत्तर मे महिन्यात आले. निर्णय कायम होता. मिनीबसची अट मान्य झाली. बस फक्त मुलांसाठी असेल आणि ठरलेल्या तीन थांब्यांवरून सुटेल, असे त्यात म्हटले होते. अल्पमताच्या नोंदीची दखल घेण्यात आली होती.

त्यानंतर मुख्याध्यापकांनी तिला बोलावून घेतले. वर्गाबरोबर जायचे की इथे राहायचे, हे तिने ठरवायचे होते. राहिली तर पाचवा गट तिचा. समितीवरची जागाही राहिली असती. दुसऱ्या शाळेत गेली तर ती जागा आपोआप सुटणार होती.

"राहा," ते म्हणाले. "पुढच्या वर्षी आणखी बरंच येणार आहे. मला टेबलावर बोलणारं माणूस हवंय."

तिने आठवड्याची मुदत मागितली. त्या आठवड्यात आम्ही या विषयावर फारसे बोललो नाही. दोघेही थकलो होतो. एका संध्याकाळी भाजी चिरताना तिने विचारले, "तू काय केलं असतंस?"

"राहिलो असतो. नव्या शाळेत तू पुन्हा नवी. इथे आता तुला ओळखतात, टेबलही तुला कळलंय."

"मला कळलंय. वर्ग गेल्यावर."

"पाचवा गट सोपा आहे. सगळ्यांना एकच भाषा येते."

"हो ना," ती म्हणाली. "निवडून कशासाठी आले होते, ते पत्रकात छापलंय. तूच तपासून दिलं होतंस."

"म्हणजे चाललीस."

"कांदा जास्त झाला का बघ."

जूनमध्ये तिने राजीनामा दिला. पहिल्या गटाच्या शिक्षिकेला तिने ते सुटीआधी स्वतः जाऊन सांगितले. ती शिक्षिका त्याच महिन्यात निवृत्त होत होती आणि खोक्यात सामान भरत होती. "म्हणजे आपण दोघी एकदमच बाहेर," ती म्हणाली. "मी तुला मत दिलं ते फुकट गेलं म्हणू का?"

"म्हणा," पत्नी म्हणाली.

"नाही म्हणत. शेवटी तरी बोललीस. तो सातव्या गटाचा सांगत होता, तू मसुद्याच्या हातांवरून काहीतरी बोललीस म्हणून." आणि तिने पत्नीला रंगाचे न वापरलेले ब्रश देऊन टाकले.

वर्गातल्या पालकांना बदलाची कल्पना देण्याचे काम पत्नीने स्वतःकडे घेतले. पत्र डचमध्ये होते. ते हातात ठेवून उपयोग नव्हता. ती एकेकाच्या घरी गेली आणि सोप्या शब्दांत, खुणांनी सांगितले. पोलिश वडिलांना मिनीबसचा थांबा चालला. काहींनी नुसती मान हलवली. त्यांनी आजवर बदललेल्या जागांच्या मानाने ही जवळ होती. इराकच्या आईने मोडक्या डचमध्ये विचारले, "आत मुलांबरोबर आई बसू शकते?" पत्नीने सांगितले की नाही, फक्त मुले. त्या बाईंनी विचारले की मग बसमध्ये मुलीला काही झाले तर ती कुणाला सांगणार, कोणत्या भाषेत. पत्नीने सांगितले की चालकाकडे शाळेचा फोन नंबर असेल. बाईंनी चहा ओतला.

बुधवारी शाळा दुपारी सुटते. एका बुधवारी पत्नी त्या बाईंना, मुलीला आणि बाबागाडीतल्या बाळाला घेऊन नेहमीच्या बसने नव्या शाळेपर्यंत जाऊन आली. स्टेशनवर बस बदलताना पुढच्या बसमध्ये आधीच एक बाबागाडी होती. चालकाने दुसरी चढू दिली नाही. त्या पुढच्या बससाठी थांबल्या. शाळा बाईंना आवडली. मुलीने वेगळे दार ओढून पाहिले. ते बंद होते. परत येताना बाळ सगळा वेळ रडत होते, असे पत्नीने सांगितले.

समितीच्या सचिवाने रिकाम्या जागेसाठी नावे मागवली. सुटी लागेपर्यंत एकही नाव आले नव्हते.

ऑगस्टच्या अखेरीस एकत्रित वर्ग नव्या इमारतीत सुरू झाला. पत्नी आणि दुसऱ्या वर्गाची शिक्षिका, दोघी मिळून तो घेऊ लागल्या. पहिल्या दिवशी मिनीबस वेळेवर आली. पत्नीच्या जुन्या वर्गातली तीन मुले बसमध्ये नव्हती. एकाचे कुटुंब रॉटरडॅमला राहायला गेले होते. उरलेल्या दोघांची नावे पालकांनी जुन्याच शाळेत, नेहमीच्या वर्गात घातली होती. त्यांतली एक ती इराकची मुलगी होती. तिला तिच्या वयापेक्षा दोन गट खाली बसवण्यात आले.